चौदा रुपये जास्त

८ डिसेंबर १९७४, रविवार
सकाळच्या बसने सोलापूरहून गावी. पुण्याच्या ट्रस्टचं पत्र खिशात. माळाला उरलेलं तारेचं कुंपण घालायला दुसरा हप्ता देणार म्हणतात, पण अटी दोन. आमच्या माळरान राखण मंडळाचा हिशेब 'सर्वांना खुला' असावा, आणि सभेत मंजूर होऊन त्यावर अध्यक्षांची सही असावी. सभा १२ जानेवारीला ठेवली. हप्ता आला नाही तर माळ अर्धा उघडाच राहणार आणि मंडळ बुडालंच समजायचं.
खजिनदार मी. गिरणीच्या हिशेब खात्यात एकतीस वर्षं काढली, न जुळणारा एक पैसा कधी अनामत खात्यात ढकलला नाही. खुला म्हणजे खुला. शाळेतला जुना फळा मागून आणला, मारुतीच्या देवळाबाहेर उभा केला आणि महिन्याचा जमाखर्च खडूने लिहून काढला. अक्षर सुरेख आलं.

१५ डिसें., रवि.
फळ्यापुढे ही गर्दी! गावात पेपर येत नाही, लोकांना वाचायला दुसरं आहे काय. तारेच्या खर्चाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. सगळे 'चहा'वर तुटून पडलेले. मी नावानिशी लिहिलं होतं. अण्णा ३ कप, पाटील २, मी १.
"अण्णा तीन-तीन कप पेत्यात व्हय? दुकानात गिऱ्हाइकाला अर्धा पाजत न्हाईत की!"
दाद द्यावी तशी माणसं हसत होती.

१६ डिसें., सोम.
अण्णांनी दुकानात बोलावलं. अण्णा म्हणजे आमचे अध्यक्ष, गावी शेती आणि इथे सोलापुरात भुसाराचं दुकान. तराजूमागून उठलेसुद्धा नाहीत.
"अय्यो बापू, विश्वास न्हाय तर तोंडावर सांगा की. तीन कप म्हणे! त्यातला एक धोतरावर सांडला होता."
सांडलेला कप वेगळा दाखवायला फळ्यावर रकाना नाही, असं म्हणालो. म्हणायला नको होतं. यापुढे मंडळाचा चहा बंद, असा हुकूम निघाला. मला बरंच वाटलं. खर्च वाचला.

२२ डिसें., रवि.
चहा नाही म्हणून बैठकीला कोणी नाही. मी, अण्णा आणि अण्णांची काठी. कोरम गेला खड्ड्यात. म्हटलं, आलोच आहोत तर गवताची पेटी उघडू.
माळावरचं गवत कापणाऱ्याने भाऱ्यामागे आठ आणे पेटीत टाकायचे, राखणदार सिदारामने एक कुपन फाडून द्यायचं, अशी पद्धत. किल्ली माझ्याकडे. कुपनं फाटली २१२. म्हणजे १०६ रु. पेटीत निघाले १२०. चारदा मोजले. १२०च.
"जास्तीच आहेत ना? मग रडता कशापायी?" अण्णा म्हणाले.
या माणसाला काय सांगायचं! तूट आली तर निदान चोर तरी शोधता येतो. वाढीचं काय करायचं?

२४ डिसें., मंगळ.
चौदा रु. डोक्यातून जात नाहीत. ही म्हणते, "पेढे आणा आणि वाटून मोकळे व्हा." हिशेबनिसाच्या घरात इतकी वर्षं राहून हे! अण्णांचा निरोप आला की ते चौदा त्यांची देणगी म्हणून लिहावेत. न देता देणगीदार! संतापाने जेवलो नाही. मग जेवलो, वांग्याचं भरीत होतं.

२९ डिसें., रवि.
उलगडा झाला!! सिदारामला सरळ विचारलं. त्याने आधी देवळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कनवटीची सुतळी काढून पुढे धरली. सात गाठी.
"गवतात घावलेलं जनावर कोंडवाड्यात घाला, आसं तुमीच सांगितलं. कोंडवाडा हितनं दोन कोस. मग म्या म्हनलं, दोन रुपे दंड टाका पेटीत. टाकले, माज्यासमोर. लिवायला मला येत न्हाय, गाठ मारली."
सात दुणे चौदा. त्याला मिठी मारायचीच बाकी ठेवली.
जनावरं कुणाची? ते सांगेना. "नावं सांगायची न्हाईत आसं ठरलंय. बापू फळ्यावर लिवत्यात, म्हनत्यात लोक."
खोदून खोदून काढलं. पाटलांचे बैल, दोन गाठी. पोस्टमास्तरांची शेळी, एक. अण्णांची म्हैस, दोन. अख्खी कमिटीच गवतात! पोट धरून हसलो. राहिलेल्या दोन? सिदाराम अंगठ्याने माती उकरत राहिला.
"वैनीसायबांची गाय."
माझी थोरली वहिनी, गावचं घर तीच सांभाळते. म्हणजे आमचीच गाय.
वहिनीला विचारायला गेलो तर ती माझ्यावरच उलटली. "दंड भरला की न्हाय? मग? भावजी, चार मान्सांत घराचं नाव फळ्यावर चढवायला तुमी मागंपुढं बगनार न्हाई, ठावं हाय मला."
लाज वाटली. फळ्यामुळे लोक प्रामाणिक राहतील असं समजत होतो. ते आधीपासूनच होते, फक्त फळ्यापासून तोंड लपवत होते.

२ जाने. १९७५, गुरु.
नावं न घालता 'दंड रु. १४' लिहिलं तर हिशेब खुला कुठला? नावं घातली तर अण्णा सही करणार नाहीत. चार दिवस हेच. शेवटी ठरवलं, पहिलं नाव आपलं.

५ जाने., रवि.
लिहिलं. 'बापूंच्या घरची गाय, २ वेळा, ४ रु.' खडू दोनदा मोडला. मग पाटील, पोस्टमास्तर, सगळ्यात खाली अण्णा. या खेपेला कुणी हसलं नाही.
अण्णा आले, चष्मा लावून सावकाश वाचलं. मी भांडणाच्या तयारीत.
"चूक हाय हे. म्हैस तीनदा घावली. सहा रुपये भरलेत मी. नाव लावताय तर पुरतं लावा की! माझे दोन रुपये गेले कुठं?"
सगळ्यांनी सिदारामकडे पाहिलं. त्याने सुतळी वर धरली. "अण्णांच्या दोनच गाठी हायती, बापू."
"म्हणजे मी खोटं बोलतो?"
इतके दिवस चौदा जास्त होते. आता दोन कमी. ते सापडल्याशिवाय अण्णा सही करणार नाहीत. पाटील म्हणाले, राखणदार बदला.

८ जाने., बुध.
सिदाराम पायी चालत सोलापुरात, घरी आला. ओट्यावरच बसला, आत येईना. महिना चाळीस रुपयांवर त्याचं घर चालतं.
"म्या खाल्ले न्हाईत, बापू. फळ्यावर लिवनार व्हय माजं नाव?"
 हिने भाकरी वाढली, त्याने ती फडक्यात बांधून घेतली आणि गेला. फळा फोडून टाकावासा वाटला.

१० जाने., शुक्र.
अण्णांकडे गेलो. फळा नाही, गर्दी नाही, तेव्हा शांतपणे विचारलं, तिसऱ्या वेळचे दोन रुपये तुम्ही स्वतः टाकलेत?
"गड्याच्या हाती पाठवले हो..." म्हणाले आणि मध्येच थांबले. माप हातात तसंच राहिलं. "वीस वर्षांचा जुना गडी आहे, बापू. त्याला कसं विचारू?"
म्हटलं, आणि सिदाराम?
अण्णांनी चहा मागवला. दोघेही तो न पिता बसलो.

१२ जाने., रवि. सकाळ
आज सभा. पेटीची किल्ली माझ्याकडेच. तळाशी पत्र्याच्या घडीत नोट अडकली होती, मोजताना माझ्या नजरेतून सुटली, एवढंच म्हणायचं. अण्णा खरे. त्यांचा गडी खरा, त्याने परस्पर पेटीत टाकले म्हणून गाठ नाही. सिदाराम खरा. सही होईल, हप्ता येईल, कुंपण होईल. खोटा काय तो फक्त हिशेब. एकतीस वर्षांत पहिलाच.
ही विचारते, बसभाडं घेतलंत ना? घेतलं. दोनाची एक नोट वेगळ्या खिशात ठेवली आहे. सव्वाआठची बस. निघतो.