दुर्बिणीचं तोंड पूर्वेकडे

मु. तारापूर,
आषाढ वद्य पंचमी, सन १९६५

सौ. विहीणबाई सोजराबाई यांना रत्नाबाईचा पदर सावरून नमस्कार. व्याहीबुवांचा खोकला कसा आहे? इकडे वाऱ्यानं वाडीतल्या केळी आडव्या झाल्या, मी अजून उभी आहे. आमच्या मंदेला लेक झाल्याचं कळलं तेव्हा (आजी झाले हो मी!) गावभर साखर वाटली, पोस्टमनला दोनदा दिली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, पण खारा वारा बाळंतिणीला बाधतो म्हणून तुम्ही तिला नागपुरालाच ठेवून घेतलंत, ते बरंच केलंत. (माझी सगळी पोरं याच वाऱ्यात झाली. ते असो.)

तसं लिहिण्यासारखं काही नाही. इथं विजेचा मोठा कारखाना होतोय, त्यासाठी दर्यात बांध घालायचाय, म्हणून नांदेडकडचा नागोराव नावाचा एक पोरसवदा साहेब आलाय. दिवसभर किनाऱ्यावर बसून तीन पायांच्या दुर्बिणीतून पाण्यात रोवलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या खांबाकडे बघतो. मला वाटलं, याचं कुणीतरी दर्यापार गेलंय. (वाटेकडे डोळे लावून बसलेलं माणूस मला लांबून ओळखू येतं.) म्हणून त्याची दृष्ट काढली, तांदळाची भाकरी नि सुकट खाऊ घातली, नि म्हटलं, "जीव जाळू नको बाबा, येईल परत." तर हसतोय कसला! "आजी, मी लाटा मोजायलोय!" मासळीवाली लाडकी तिथंच होती. ती म्हणाली, "आमी जल्मभर लाटाच बघतो, आमाला नाय कोन पगार देत!"

मोजतो म्हणजे काय, तर लाटा उंचीप्रमाणे लावायच्या, धाकट्या सोडून द्यायच्या, वरचा तिसरा हिस्सा घेऊन त्याची सरासरी काढायची. एवढ्यावरून शंभर वर्षांत एखादीच येणारी राक्षसीण केवढी असेल, तेही म्हणे आज सांगता येतं, नि बांध तिच्या बेतानं घालायचा. तो जेवायला बसला तेव्हा मी दुर्बिणीला डोळा लावला नि तिचं तोंड जरासं फिरवलं. (का, ते विचारू नका.) पदर अडकला, दुर्बीण आडवी, नि त्या दुपारच्या सगळ्या लाटा मोजायच्या राहिल्या! गुणी पोर, म्हणाला, "असू द्या, दर्या दुसऱ्या देईल."

मग धीर करून विचारलं, "आमची मंदा लग्नानंतर एकदाच माहेरी आली. आता पुन्हा कधी येईल, ते काढून दे." हसला नाही. पेन्सिल घेऊन बराच वेळ बसला नि म्हणाला, "एका लाटेवरून समुद्र कळत नाही, आजी. आणखी चारदोनदा येऊ द्या, मग सांगतो."

बाळाचं नाव काय ठेवलंत, तेवढं कळवा. बाकी मागणं काही नाही.

तुमची,
रत्नाबाई

ता. क. दुर्बीण पूर्वेकडे फिरवली होती. लांबचं जवळ दिसतं म्हणतात, म्हणून. नागपूर दिसलं नाही. शेजारच्या पाम गावातल्या ताडावर चढलेला एक माणूस दिसला, तो ताडी पीत होता.

आणखी ता. क. हे पत्र टपालानं आलेलं नाही, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. ते घेऊन दारात उभा आहे तो मंदेचा भाऊ विश्राम, नारळी पौर्णिमेसाठी तिला माहेरी आणायला मुराळी म्हणून धाडलाय. पिशवीत बाळाची टोपडी आहेत, वाऱ्यासाठी कान झाकणारी. लांबून आलाय, आधी त्याला पाणी द्या. मग नाही म्हणा.