धाकट्याची शिकारीची गाडी

बाबा, धाकट्याला शिकारीसाठी गाडी घ्यायची आहे आणि ती निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली, नाहीतर हे काम तुमचंच होतं. हसू नका. इन्शुरन्सच्या ऑफिसात तीस वर्षं मी ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघितले, म्हणून मला गाड्यांतलं कळतं असं त्याला वाटतं. खरं तर गाडी मोडते कशी एवढंच मला कळतं. पण तो फोनवर म्हणाला, "ताई, तुझ्याकडे बाबांचा डोळा आहे, आय ट्रस्ट यू," आणि मी पाघळले. मराठीत लिहिते आहे कारण त्याला मराठी वाचता येत नाही. तुम्ही मला रविवारी मारूनमुटकून शुद्धलेखनाला बसवायचात आणि तो गॅरेजमध्ये टायरवर उड्या मारायचा, त्याचा हा फायदा.

शिकार म्हणजे इथली, सरळ, कायद्यातली. दर ऑक्टोबरात तो स्कॉटलंडला जातो, डोंगर पाठ असलेल्या एका माणसाबरोबर चालतो, आणि आठवड्यात फार तर एक हरीण मारतो. लाल हरणं, आपल्या सांबराचे इकडचे चुलतभाऊ. तुम्ही मेळघाटच्या पायथ्याशी शिकारीच्या कॅम्पवर जीप चालवायचात तेव्हाच्या गोष्टी ऐकून ऐकून त्याला हे वेड लागलं, असं आई मरेपर्यंत म्हणत होती. तिकडची शिकार बंद झाली, तुम्ही लेस्टरला आलात, बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत गॅरेज टाकलंत, आणि दोन वर्षांत आसपासच्या खेड्यांतले शिकारी साहेबलोक जिपा दुरुस्तीला आणि विकत घ्यायला तुमच्याकडे यायला लागले. गिऱ्हाईक विचारायचं, ही चढावर कशी चालेल, चिखलात कशी चालेल. तुम्ही गाडीच्या मागे उकिडवे बसायचात, मागच्या फळीला हात लावायचात आणि तुमच्या त्या इंग्रजीत विचारायचात, मेलेलं जनावर उचलणार कोण? तुमचं माप ठरलेलं होतं, गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या खाली. जाताना माणूस ताजा असतो, गाडी परत येतानाची बघायची, असं तुम्ही म्हणायचात.

आणि त्या म्हाताऱ्या कर्नलसारख्या दिसणाऱ्या गिऱ्हाइकाच्या दिवशी तुम्ही मला जे बोललात ते मी विसरलेले नाही. मी पंधरा वर्षांची आहे, शनिवार आहे, तुमचा डबा घेऊन आले आहे. म्हाताऱ्याला उंच चाकांची जीप हवी आहे आणि त्याचे गुडघे तर गेलेले आहेत, हे कुणालाही दिसतं आहे. मी शहाणी. मी त्याला सांगते, सर, यात तुम्हाला चढता येणार नाही. म्हाताऱ्याचा चेहरा एवढासा होतो. तुम्ही मला मराठीत, आवाज न चढवता म्हणालात, "माणसाला काय जमत नाही ते त्याच्या तोंडावर सांगायचं नाही. त्याला कळणारच नाही अशी गाडी द्यायची." मग तुम्ही त्या जिपेला खाली एक लोखंडी पायरी जोडलीत आणि त्याला सांगितलंत, ही तुमच्या कुत्र्यासाठी, सर. कुत्रा दोन वर्षांचा होता, भिंतीवरून उडी मारायचा. म्हातारा पुढे सात-आठ वर्षं त्या पायरीवरून चढला, आणि सोळाव्या वर्षी धाकट्याला डोंगरावर पहिल्यांदा घेऊन गेला तोही तोच. म्हाताऱ्याने पाठवलेली हरणाची तंगडी आईने घरात घेऊ दिली नाही. तुम्ही गॅरेजच्या शेगडीवर काळा मसाला घालून ती रटरट शिजवलीत आणि पहिला घास खाऊन म्हणालात, "सांबरच आहे." तिघांनी उभ्या उभ्या खाल्लं. पुढे पंधरा दिवस गिऱ्हाइकांच्या सीटांना मसाल्याचा वास येत होता.

आता वाईट ते सांगते. फेब्रुवारीत धाकट्याच्या आजाराचं नाव कळलं. मोटर न्यूरॉन. एकेक स्नायू काम सोडत जातो आणि त्यावर औषध नाही, निदान बरं करणारं नाही. पंचावन्न वर्षांचा आहे, बाबा. ब्रॅकनेलच्या ऑफिसात अजून जातो, मेडनहेडच्या घरात एकटा राहतो, बायको केव्हाच वेगळी झाली. डॉक्टरांकडून बाहेर आलो तेव्हा मला वाटलं तो काहीतरी बोलेल. तो पार्किंगमध्ये थांबला आणि म्हणाला, "माझा गाडी आता लहान पडतो ताई. ऑक्टोबरच्या आधी मोठा घेऊ या." त्या दिवसापासून आम्ही फक्त गाडीबद्दल बोलतो. ऑटोमॅटिक हवी, कारण डावा पाय. असं तो म्हणत नाही. ऑटोमॅटिक हवी, कारण डोंगरात सोपी पडते, असं म्हणतो. मीही मान डोलावते. आपल्या घरात कोणी आजारी पडलं की आपण चहाबद्दल, हवेबद्दल, भाजीबद्दल बोलतो, तुमच्या वेळीही आम्ही दोन महिने छपरातल्या गळतीबद्दल बोलत होतो. मला काहीही करता येत नाही, म्हणून मी टायर वाचते. रोज संध्याकाळी लॅपटॉपवर टायर.

मार्चमध्ये तो माझ्याकडे लेस्टरला आला होता. मी कांदा चिरत होते आणि तो खिडकीतून बाहेरची गाडी लॉक करत होता. किल्लीचं बटण उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने दाबायला गेला. बोट नुसतं बटणावर पडून राहिलं. त्याने डाव्या हाताने ते बोट खाली दाबलं, गाडीचे दिवे लागले, मग त्याने मागे वळून बघितलं, मी बघते आहे का. मी कांद्याकडे बघत होते. बंदुकीचा चाप याच बोटाने ओढतात. आणि तो चाप ओढेल तेव्हा त्याच्या पुढे तो डोंगर माहीत असलेला माणूस चालत असेल, दोन मुलांचा बाप. मी त्याला म्हणाले, या वर्षी नुसतं फिरून येतोस का? तो म्हणाला, "आय ॲम फाइन, ताई. प्लीज, तू पण सुरू नको करू." तोंडावर सांगायचं नाही हे तुम्ही शिकवलंत. तोंडावर नाही सांगायचं तर कुठे सांगायचं, ते सांगायच्या आधीच तुम्ही गेलात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली होती.

एप्रिलमध्ये त्याच्याकडे दोन पोलीस आले, त्याचा बंदुकीचा परवाना थांबवला आणि दोन्ही बंदुका कपाटातून काढून घेऊन गेले. फार सभ्य होते म्हणे, बूट काढू का विचारलं. त्याने मला फोन केला तेव्हा तो रडत होता. आई गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता. "जीपीने रिपोर्ट केलं मला. ट्वेन्टी इयर्स मी त्याच्याकडे जातो, आणि एक वर्ड नाही बोलला." मी गाडी काढली आणि दीड-दोन तासांत त्याच्या दारात. त्या घरच्या डॉक्टरांना दोघांनी मिळून शिव्या घातल्या. माझ्या शिव्या जास्त अस्सल होत्या, त्या त्याने परत परत म्हणून घेतल्या. जेवताना तो म्हणाला, "बंदूक नाही तर नाही. गाडी तरी घेऊ. मी बायनॉक्युलरने बघेन, तू ड्राइव्ह कर." मी बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही मेडनहेडच्या बाहेर एका डीलरच्या आवारात गेलो. माझ्याच वयाची, पावसाळी बूट घातलेली एक बाई होती, तिने विचारलं कशाला हवी, आणि धाकटा छाती काढून म्हणाला, स्टॉकिंग, स्कॉटलंड, बिग स्टॅग्ज, म्हणजे डोंगरात दबा धरून मोठाले नर हरीण मारायला. बंदुका गेल्याचं त्याने सांगितलं नाही. त्याने आधी बघितली ती एक काळी धिप्पाड गाडी, चाकं माझ्या कमरेला लागत होती. नाकापेक्षा मोती जड. तो चढायला गेला. पहिल्यांदा पाय घसरला, दुसऱ्यांदा गुडघा आपटला. तिसऱ्यांदा मी त्याच्या मागे दोन्ही हात पुढे करून उभी होते, त्याला न लावता, त्याला दिसणार नाही असे. ती बाई आकाशाकडे बघून पावसाचं काहीतरी बोलली. भली होती. तो खाली उतरला आणि म्हणाला, "सीट जरा हार्ड आहे."

मी शोधून ठेवलेली गाडी आवाराच्या टोकाला होती. बुटकी, रुंद, चारही चाकांना जोर असलेली, मागे सपाट तळ आणि घडीचा रॅम्प. मी म्हणाले, "हा रॅम्प बघ. हरीण सरळ वर ओढता येतं, उचलायला नको." ती बाई म्हणायला लागली की व्हीलचेअरवाले लोकही ही फार घेतात, आणि मी घाईघाईने विचारलं, हिरव्या रंगात येते का? धाकट्याने रॅम्पवर दोनदा काठी आपटली. मग काठी टेकत त्यावर चढला, आत जाऊन उभा राहिला, छताला हात लावून बघितला. "ताई," तो आतून म्हणाला, "कर्नलच्या कुत्र्याला मी विचारायचो, तू पायरी का नाही वापरत. आय न्यू. मी दहा वर्षांचा होतो, तरी मला माहीत होता." आणि हसला. मीही हसले. त्याने हिरवी गाडी घेतली.

ती पुढच्या आठवड्यात येते आहे. तो मला रोज फोन करतो, कुठे थांबायचं, थर्मासमध्ये काय, डोंगरावर कुठल्या वळणावरून हरणं दिसतात. ऑक्टोबरात तो काठीवर असेल की खुर्चीत, की कशातच नसेल, हे मला माहीत नाही आणि विचारायची सोय नाही. परवा तो म्हणाला, "सगळ्यांनी मला गिव्ह अप केलं ताई, डॉक्टरने पण. तू एकटीच माझ्या साइडला आहेस." मी थर्माससाठी आल्याचा चहा चालेल का ते विचारलं. मला गाडी निवडता आली, बाबा, बाकी काही नाही. कधी वाटतं सगळं सांगून टाकावं. मग वाटतं, त्याच्याजवळ विश्वास ठेवायला माणसं किती उरली आहेत, त्यातलं एक मी कमी का करू?

हे पत्र टाकणार कुठे, तुम्हाला पत्ताच नाही. वाचून झालं की मीच फाडेन. पण कुणाला तरी सांगायला हवं. डॉक्टर काही बोलले नव्हते. कांदा चिरला त्याच्या दुसऱ्या दिवशी पोलिसांना फोन मी केला, त्या बोटाबद्दल सांगितलं. पलीकडच्या बाई फार समजूतदार होत्या, नाव सांगायची गरज नाही म्हणाल्या. शेवटी फक्त विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? मी म्हणाले, शेजारीण.