समईचं तेल

बाबा, आज तुमच्या मोटारसायकलचं मागचं चाक मी माझ्या हाताने उतरवलं. धसईच्या घरामागे पोतं अंथरून बसले होते. धाकटा भाऊ बाजूला खुर्ची टाकून चहा पीत होता. मुरबाडकडचा एक रिसॉर्टवाला पाहुण्यांना फिरवायला ही गाडी विकत मागतोय. धाकट्याला ती विकायची आहे, मला नाही. मागून खरखर येते, म्हणून चाकातले दाते शाबूत असले तरच घेईन, असं तो रिसॉर्टवाला म्हणाला होता. हे काम तुम्ही मला शिकवलं होतं, धाकट्याला नाही, म्हणून बघायचं माझ्याकडे आलं.

भातसानगरच्या धरण कॉलनीतल्या क्वार्टरमागची दुपार आठवते. मी कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलमधून सुट्टीवर आलेली, सिस्टर रोज नखं तपासायच्या तशी माझीच नखं तपासणारी. तुम्ही चाक काढता आणि रॉकेलमध्ये बुडवलेला दात घासायचा ब्रश माझ्या हातात देता. "हिला चेन नाय. दांडा फिरतो, त्याचे दाते चाकाच्या दात्यांत बसतात, मग चाक फिरतं. सुके राहिले तर एकमेकांना खातात." मी ग्रीसचा गोळाच थापते. "पोळीला तूप लावतेस का गो? उडून ब्रेकवर गेलं तर जाशील थेट धरणात!" मग बोटाच्या टोकाने तुम्ही ते इतकं पातळ पसरता की खालचं लोखंड दिसत राहतं.

आज तिथे ग्रीस नव्हतंच. पिवळट तपकिरी, चिकट राळ, तिच्यात झुरळांचे पंख आणि खवट तेलाचा असा भपका की मी तोंड फिरवलं. "हे काय आहे?"

"समईतला तेल, ताय. दसऱ्याला गाडीची पूजा केली का उरलेला ओततो. देवाचा तेल टाकायचा कुठं?"

"म्हणून यात?"

"तू कॉन्व्हेंटची. तुला नाय कळायचं."

भावजय दारातून हसली. "देवानं खाल्ला नाय तो गाडीला पाजतात!"

धाकट्याने नाकाला रुमाल लावला, जणू घाण मी केली होती. टाकी आरशासारखी चकचकीत, हँडलवर झेंडूची वाळकी माळ, आणि आत ही सडकी भक्ती. मला त्याची शिसारी आली, बाबा. तुमच्या वस्तूला हार घालायचा आणि तिच्या पोटात काय चाललंय ते कधी बघायचं नाही. डिझेलने घासत राहिले. हात कोपरापर्यंत बरबटले. मग राळेखालून दाते वर आले. माथे सपाट, कडा सरळ, गंजाचा ठिपकाही नाही. खरखर ब्रेकच्या पट्ट्यांची होती. तेल राळ होऊन दात्यांना घट्ट चिकटलं होतं आणि तुम्ही गेल्यानंतरचे इतके पावसाळे तिने पाणी आत येऊ दिलं नव्हतं. त्या घाणीचे उपकार मानावे लागणार, याची मला आणखीच किळस आली.

"हायत का दाते?" मी दात्यांवर पातळ ग्रीस पसरत असताना त्याने विचारलं.

"नाहीत. झिजून सुरीसारखे झालेत. कुणाला मागे बसवलं तर मध्येच चाक सुटं फिरेल."

"मग ग्रीस कशाला लावतेस?"

"सवय."

त्याने फोन करून त्या माणसाला येऊ नको म्हणून सांगितलं. मग माझ्या समोर उकिडवा बसला. बराच वेळ चाकाकडे बघत होता, पण त्याला काय बघायचं तेच ठाऊक नव्हतं. "ताय," तो म्हणाला, "माझ्याच तेलानं गेले ना गो?" त्याचे डोळे भरले होते. मी बोल्ट आवळत राहिले.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, आणि त्याच्यापर्यंत मी पोचू देणार नाही. गाडी राहिली, बाबा. त्याच्या तेलानेच ती वाचली, हे एक वाक्य त्याला सांगायला हवं होतं. अजूनही सांगता येईल, तो बाहेर ओट्यावरच बसलाय. पण मग गाडी जाईल.