मोहाच्या झाडाखाली

लोणखेडा, ता. १४ डिसेंबर १९५७

चि. नवलला आक्काचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. कापसाची वेचणी संपत आली. दाजींचा गुडघा थंडीनं धरलाय, म्हणून दिवसभर मलाच हाका.

आता कामाचं. तुझी बदली शहाद्याच्या शाळेत करायला शाळाखात्याचे साहेब तयार आहेत. सोबत अर्ज पाठवते. सही होऊन मार्चअखेर पोचला पाहिजे. तुझी बायको प्रमिला देवाघरी गेली आणि दोन महिन्यांत तू आपणहून डोंगरातली शाळा मागून घेतलीस. दुःखात माणूस लांब पळतो, म्हणून मी गप्प राहिले. पण तीन वर्षं झाली रे. घरदार असून तू कुडाच्या खोलीत हातानं भाकर थापतोस. विहिरीवर बाया विचारतात, तुन्हा भाऊ साधू व्हयना का? मी हसून वेळ मारून नेते.

आईच्या जागी मीच आहे, हे ध्यानात ठेवून उत्तर दे.

तुझी जमनाआक्का


आमलीपाडा, ता. ५ जानेवारी १९५८

ती. आक्काच्या पायांवर नवलचा शि. सा. न. वि. वि.

साधू झालो नाही. साधूला मुलांच्या पाट्या तपासाव्या लागत नाहीत.

तू म्हणतेस ते खरं, मी पळूनच आलो होतो. पहिल्याच भाद्रपदात हिवतापानं आठ दिवस पडलो. शेजारचा सुरुपसिंग उशाशी बसून राहिला. त्याची बायको फुलवंताबाई ज्वारीची पेज पाजायची. त्यांच्या घरात दोन मडकी आणि एक घोंगडी. त्यातली घोंगडी माझ्या अंगावर होती, हे मला ताप उतरल्यावर कळलं. पुढच्या उन्हाळ्यात सागानं सगळी पानं टाकली, तेव्हा मला वाटलं झाडं वाळली. सुरुपसिंग म्हणाला, गुरुजी, पाणी कमी झालं की झाड ओझं उतरवतं. तेव्हापासून मीही एकेक उतरवत आलो. प्रमिलेची आठवण येते, पण आता ती जेवताना सोबत बसल्यासारखी येते.

तरी तुझं मन मोडवत नाही. अर्जावर सही करून ठेवली आहे. होळीनंतर ये, चार दिवस राहा. मला घेऊन जावं असं तुला वाटलं तर अर्जाचा कागदही ने, मी निमूट येईन.

दाजींना नमस्कार. रागावलीस तरी माया तेवढीच राहू दे.

तुझा नवल


लोणखेडा, ता. २४ मार्च १९५८

चि. नवलला अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. म्हसावदची मोटार दोन तास उशिरा सुटली.

निघताना मी फार बोलले नाही, म्हणून तुला वाटलं असेल आक्का रुसली. तसं नाही. शेवटच्या दिवशी फुलवंताबाई मला मोहाखाली घेऊन गेली. तिनं आधीच खालची जमीन लख्ख झाडली होती. तिची बोली मला कळेना, माझी तिला. दोघी फुलं वेचत राहिलो. टोपली भरली, तरी मी फांदी हलवायला हात वर केला. तिनं हळूच माझा हात खाली घेतला. पडलेलीही सगळी वेचू देईना. हरणांचं नाव घेऊन तिनं उरलेल्या फुलांकडे बोट दाखवलं, तेवढं मात्र कळलं. मला लाज वाटली, पण तिनं ती वाटू दिली नाही. हसली आणि माझी टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली.

कागद मी आणला नाही. तुझ्या चुलीपाशी ठेवलाय, पेटवायला घे. साहेबांना सांगितलं, माझा भाऊ आहे तिथं बरा आहे.

आणखी एक. काल सून रंजनाला हाक मारली आणि कोठीघराच्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या. नऊ वर्षं ती मूठभर डाळीसाठी माझ्यासमोर उभी राहायची. तिनं पदरानं डोळे पुसले, आणि मग विचारलं, आज भाजी काय करू? म्हटलं, तुला आवडेल ती कर. आणि नवल, नऊ वर्षांत तिला काय आवडतं हे मला काल पहिल्यांदा कळलं. तिनं गिलक्याची भाजी केली.

तब्येतीला जप. तिकडच्या सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझी जमनाआक्का