वैद्यकाकांच्या गाडीचा सेकंड गिअर

सौंसर, २८ ऑक्टो. १९५६
गाडी आपली झाली! वैद्यकाका तहसिलीतले साहेब, बाबांचे जुने दोस्त. एक तारखेपासून नवी राज्यं, इलाकाच तुटून राहिला. ते बदलून नागपूरला, मुंबई राज्यात, म्हणून गाडी आम्हाला विकली. आम्ही इथंच, भोपाळवाले. सुट्टीत मला स्टिअरिंग धरायला काकांनीच शिकवलं, इंग्रजी मॅन्युअलही त्यांनीच दिलं.

घ्यायच्या आधी एक चक्कर मारली. काका चालवत, बाबा बाजूला, मी मागं. गिअरबॉक्सचं तेल पाहायचं मनात होतं. पण काकांच्या तोंडावर नट खोलायचा म्हणजे तुमच्यावर भरोसा नाही म्हणण्यासारखंच. बसून राहिलो. बाबांनी विचारलं, कशी वाटते? मी म्हटलं, एकदम स्मूथ.

बाबांची शर्त: संत्र्याच्या सीझनभर पांढुर्ण्याच्या फेऱ्या नीट झाल्या, तर सडकेवरची खोली माझ्या वर्कशॉपला. नाही तर गुमान कापसाच्या अडतीवर बसायचं.

४ नोव्हें.
पांढुर्ण्याला गेलो, बाबा सोबत. तिगावच्या अलीकडं चढावर सेकंडमध्ये बारीकसा ऊंऽऽ. थर्डमध्ये गायब. बाबा बाहेर कापूस पाहत होते. त्यांना ऐकू आलं नसावं.

७ नोव्हें.
आवाज वाढला. आता गाडी उभी असली तरी. न्यूट्रलमध्ये क्लच सोडला की घरघर, दाबला की चूप. म्हणजे बेअरिंग गेली. सेकंडला वरून कटकट, म्हणजे दातही. पायाखालची फळी काढली, लांब स्क्रूड्रायव्हर गिअरबॉक्सवर टेकवला, मूठ कानाला. आतून जातं फिरल्यासारखं.
पण मग पहिले आठ दिवस आवाज काहून नव्हता? मॅन्युअलमध्ये याचं उत्तर नाही.
बाबांनी विचारलं, गाडी बरी आहे ना? हो म्हटलं.

९ नोव्हें.
गिअरबॉक्सचा खालचा नट खोलला. तेल कुठलं, लापशी पडली. चिमटीत चोळून पाहिली. लाकडाचा भुसा. तेलात मुद्दाम कालवलेला, आवाज दाबायला. आठ दिवसांत दळला गेला, आवाज उघडा पडला. गिअर बाहेर काढून रॉकेलनं धुतले तर सेकंडचा एक दात अर्धा तुटलेला निघाला. तुटलेली जागा काळी, घासून गुळगुळीत. जुनी.
मला वाटलं काकांच्या ड्रायव्हरचं काम असेल. काका नसतील. काका कसे

१० नोव्हें.
बसनं पांढुर्ण्याला. काकांचा ड्रायव्हर शंकर आता तिथं ट्रकवर आहे. विचारल्याबरोबर बोलला, लपवलं काहीच नाही. म्हणे, "भाऊ, साहेबांनी सांगतलं, मी भुसा टाकला. मले वाटलं तुम्ही खोलून पाहसानच, येवढे शिकलेले. तुम्ही तं मांगं पाहुण्यावानी बसले."
वरून चहा पाजला त्यानं.
काकांना माहीत होतं मला वर्कशॉप टाकायचं आहे. त्यांनाच तर पहिल्यांदा सांगितलं होतं.

१३ नोव्हें.
आज बाबांना सांगितलं. सगळं. पोत्यावर मांडलेले गिअर दाखवले. बाबा खाली बसले, तुटका दात बोटानं चाचपला. मग म्हणाले, "आवाज मले त्याच दिवशी आला होता. तिगावजवळ."
मी म्हटलं, मग बोलले काहून नाही?
"तू बोलशीन म्हणून. वैद्यानं एकडाव फसवलं. तू तं रोज बरी आहे, बरी आहे करून राहिला होता."
हे खरं. पण त्यांनी नऊ दिवस मला पाहत बसायचं, हे काय?

१५ नोव्हें.
सडकेवरच्या खोलीला बाबांनी कुलूप लावलं. चावी त्यांच्या जानव्याला.
काकांचं कार्ड आलं. उरलेली ट्रंक न्यायला रविवारी येतो, जेवायला थांबेन. मी म्हटलं, येऊ नका लिहा. बाबा म्हणाले, येऊ दे. "मी नाही बोलणार. तूच विचार त्याले, माह्यासमोर. मंग चावीचं पाहू."

१८ नोव्हें., दुपार
काका आले. अंगणातूनच ओरडले, काय इंजिनिअर! पाठीवर नेहमीसारखाच हात ठेवला. तो हात अजून चांगलाच वाटला, याचाच राग येऊन राहिला. नागपूरहून माझ्यासाठी पाना-सेट आणला. नवा.
पंक्तीत म्हणाले, गाडी कशी चालते?
बाबांनी मान वर केली नाही. भात कालवत राहिले.
मी म्हटलं, जेवण होऊ द्या काका, दाखवतो.
माझं उरकलं म्हणून आत येऊन लिहून राहिलो. बाहेर काका आईला अजून थोडी कढी मागून राहिले. गिअर ओसरीत पोत्याखाली आहेत. पोतं आधी काढू की आधी बोलू

काका आचवले. हाक मारतात.