रोखीचं गिऱ्हाईक

परंडा,
१९ सप्टेंबर २०२५

ती. रणधीरदादास,

दीपमालाचा नमस्कार. आई बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. पाऊस फार झाला, उडीद काळा पडला. वहिनींना नमस्कार, निकिताला पापा.

फोनवर तुम्ही माझं वाक्य पुरं होऊ देत नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या फोनवर दुकानाची जमा कमी दिसायला लागली, तेव्हा दिवाळीत दुकान उठवून निकिताला सांभाळायला पुण्याला ये, असं तुम्ही ठरवलंत. बांगड्या-परकरांचं दुकान परंड्यात चालत नाही, हेही तुम्हीच ठरवलंत.

मुळात काउंटरवर तुम्ही स्वतःच्या खात्याचा स्कॅनर लावला आणि 'रोख घेतली जाणार नाही' अशी पाटी टांगली. सुट्ट्याची कटकट मिटली, खरं आहे. कॉलेजच्या मुली खूश झाल्या. पण बाजारादिवशी खेड्यातल्या बायका पायरीवरूनच फिरायला लागल्या. मला वाटलं, यांना स्कॅन करता येत नाही. मग सोनारीच्या द्वारकाबाईंनी पसंत केलेला परकर परत ठेवला. हातात चांगला फोन होता. विचारलं तर म्हणाल्या, "फोनवरचं खातं आमच्या मालकाचं हाय बाई. हितं स्कॅन केलं की तिकडं त्यास्नी मेसेज. मग घरी इचारत्यात, मागचा फाटला का? अंडी इकून चार पैसे गाठीला बांधते, तेवढं तरी बिनइचारता खर्चू दे की!"

त्याच दिवशी मी पाटी काढली. आता त्या येतात आणि शेजारणींनाही आणतात. दुकान चांगलं चालतं, दादा. फक्त तुम्हाला दिसत नाही.

हे लगेच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण मलाही बरं वाटत होतं. एरवी चपलेसाठीसुद्धा तुमच्याकडे पैसे मागायचे. या वेळी आईला चष्मा केला, मला चपला घेतल्या आणि 'कशाला?' असं कुणी विचारलं नाही. दुकानात बसून मी द्वारकाबाईंसारखीच झाले होते की!

मी पुण्याला येणार नाही. काल बँकेत माझ्या नावानं खातं उघडलं. सोमवारपासून काउंटरवर त्याचा स्कॅनर लागेल, रोखही घेईन. तुमचं भांडवल हप्त्यानं परत करीन. नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा तुम्हीच मला उभं केलंत, ते विसरलेले नाही. म्हणूनच आता काही न लपवता लिहिते आहे.

राग येईल, येऊ दे. पण भाऊबीजेला या. ओवाळणी मात्र रोख टाका.

तुमची धाकटी बहीण आणि दुकानाची मालकीण,
दीपमाला