आल्फाच्या खांद्यावरची हळद

मेहकर, गुरुवार, २१ ऑगस्ट २०२५

अविनाश, तीन वर्षं मी तुझ्याशी बोलले नाही. रविवारी तुझा फोन आला तेव्हाही नुसतं ऐकून घेतलं आणि ठेवून दिला. त्याबद्दल माफ कर. माफीचा मजकूर एवढाच. पुढे जे लिहिलं आहे त्यात माफी नाही.

मी, संजीवनी भगवंतराव मापारी, वय सेहेचाळीस, अविवाहित, कॉलेजात भूगोल शिकवणारी, राहणार जानेफळ रोड, मेहकर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. मला कसलाही आजार नाही आणि माझ्यावर कोणाचा दाब नाही. हे रागात लिहिते आहेस का, असं मी स्वतःला विचारलं. थोडं रागात, असं उत्तर आलं. राग असला तरी बुद्धी शाबूत असू शकते, असं शालिग्राम काकांचंही मत पडलं. ते कोर्टातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आहेत, आणि खाली त्यांची साक्ष आहे.

लिहिण्याचं कारण तुझं रविवारचं वाक्य. "ताई, तुझ्यामागे गाडी माझ्याकडेच येणार ना, मग आत्ताच विकली तर काय बिघडलं?" पुण्याच्या त्या जुन्या गाड्या जमवणाऱ्या गृहस्थांचा ट्रक उद्या येणार, तूही येणार, हे तू परस्पर ठरवलंस. उद्या पोळा आहे, हे तुझ्या लक्षात राहिलेलं दिसत नाही.

कलम एक. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक आईची, म्हणजे अन्नपूर्णाबाईंची. तिच्यानंतर तुझी मुलगी अपेक्षा हिची. यात भांडण्यासारखं काही नाही, म्हणून आधी उरकलं.

कलम दोन. बाबांचे पाने, जॅक आणि कार्बोरेटर साफ करायच्या बारीक तारा धम्मदीपला. गाडी आजवर चालती राहिली ती त्याच्या गॅरेजमुळे. ज्याला काही द्यायचं त्याला साक्षीला बसवू नये, असं काकांनी सांगितलं, म्हणून तो अंगणात चहा पीत बसला आहे आणि सगळं ऐकतो आहे. "ताई, दहाचा पाना आधीच माह्याकडं हाये, तो धरू नका." तो धरलेला नाही.

कलम तीन. गाडी. आल्फा रोमिओ, जुलिया स्पायडर, १९६३ सालची, दोन माणसांची, कापडी टपाची, पांढरी. इटलीची स्पोर्ट्स कार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लाल रंग येतो. आपली पांढरी आहे, आणि पुढच्या दोन्ही मडगार्डांवर पिवळे डाग आहेत.

त्या डागांबद्दल लिहिणं भाग आहे, कारण ते पडले तेव्हा तू चार वर्षांचा होतास. १९८६ साली बाबांनी शेवटची बैलजोडी विकली आणि खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्याकडून ही गाडी आणली. एक परदेशी इंजिनिअर ती तिथे सोडून गेला होता. बाबांनी ती रिकाम्या गोठ्यात उभी केली. आई श्रावणभर त्यांच्याशी बोलली नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गल्लीत घरोघरी हळद-लोण्याने बैलांचे खांदे शेकले जात होते आणि आपल्या गोठ्यात शेकायला खांदा नव्हता. आईने हळद-लोणी कालवलं, गोठ्यात गेली, आणि जू बसलं असतं त्या जागी दोन्ही मडगार्डं चोळून काढली.

बाबा ओरडले, "अवं, पेंट हाये तो! बैल हाये का?"

"गोठ्यात बांधलं ना? मंग बैलच."

उन्हाने भुरभुरीत झालेल्या रंगाने हळद पिऊन टाकली. ती निघाली नाही. पुढच्या वर्षी आईने पुन्हा लावली, आणि बाबांनी वाटी धरली.

पुण्याचे गृहस्थ म्हणतात, डाग काढून, नवा रंग देऊन गाडी मूळ स्थितीत आणू. मी यावर प्रामाणिकपणे विचार केला. कदाचित त्यांचंच बरोबर असेल. ते गाडीवर प्रेम करतात, मला शंका नाही. पण कारखान्यातून निघालेली स्थिती मूळ, आणि आपल्या गोठ्यातली एवढी वर्षं म्हणजे मळ, हे मला मान्य नाही. मडगार्डांचा रंग कोणीही खरवडायचा नाही.

कलम चार. नंबरपाटी. एमएच-२८, आपल्या बुलढाण्याची, तशीच राहील. प्रदर्शनापुरतीही काढायची नाही.

तुला तीन वर्षांपूर्वीचा पुण्याचा तो सिग्नल आठवत असेल. गाडी तू चालवत होतास, मी शेजारी. दिवा हिरवा झाला आणि इंजिन बंद पडलं. मागचा मोटरसायकलवाला म्हणाला, "बुलढाणा का? बैलगाडी हाका राव, बैलगाडी!" तू मला गाडीतच सोडून खाली उतरलास आणि एसटीने घरी आलास. त्यानंतर एमएच-१२ची गाडी घेतलीस आणि ती चालवायला माणूस ठेवलास. स्टिअरिंगला पुन्हा हात लावला नाहीस.

मी मात्र इटलीत नेपल्सला जाऊन आले. टूरमधले लोक फुटपाथवर खोळंबले होते. गाईड म्हणाली, इथले लोक वेड्यासारखी गाडी हाकतात, जर्मन शिस्तीत चालवतात. मी हात वर केला आणि मेहकर बसस्टँडसमोर चालते तशी रस्त्यात उतरले. सगळे हॉर्न वाजवत, शिव्या देत थांबले. कोणी मला धक्का दिला नाही. अख्खा देश एकाच हाताने गाडी हाकतो, असं मी वर्गात तरी कधी शिकवणार नाही. आणि हाकत असलाच, तर त्याच हाताने ही गाडी घडवली. तिला बैलगाडी म्हणणाऱ्याने आपला मान केला होता, अविनाश. तुला तो ऐकू आला नाही.

कलम पाच. ही गाडी मी माझा भाऊ अविनाश यास देते.

वाचून दचकू नकोस. इथे शालिग्राम काकांनीही चष्मा काढला. "बाई, ज्याच्यापासून वाचवून राह्यल्या, त्यालेच देता?" हो, त्यालाच. हे बरोबर आहे का, मेल्यावर माणसाला अटी घालाव्यात का, यावर मी दोन वेळा मत बदललं. आता बदलणार नाही.

या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे आहे. पुढे एसटी असली की चालवणाऱ्याला समोरचं दिसत नाही. उजवीकडे बसलेल्याने मान बाहेर काढून सांगावं लागतं. राजूर घाटात मी गाडी शिकत होते तेव्हा बाबा मागच्या फळीवर अंग चोरून बसायचे आणि तू उजवीकडून ओरडायचास, "मोकळं हाये, काढ बे ताई!" मी न बघता काढायची. तुझ्या शब्दावर. गेली तीन वर्षं ती जागा रिकामी आहे आणि मी प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे मुकाट्याने जाते.

अट अशी. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी राजूर घाट खालून वर तू स्वतः गाडी चालवायची, टप उघडा ठेवून. उजवीकडे अपेक्षाला बसवायचं आणि तिच्या शब्दावर पुढे काढायची. ड्रायव्हर चालणार नाही. हे जमत नसेल तर गाडी अपेक्षाची, आणि उजवीकडे तू बसशील. दोघांनीही विकायची नाही. मी जिवंत असेपर्यंत ही अट मलाही लागू आहे, आणि शनिवारी माझी उजवी जागा मोकळी आहे.

काका म्हणतात 'चल मालमत्ता' असा शब्द हवा. तो लिहिला.

आत्ताच आई गोठ्यातून आली. मडगार्डं चोळून झाली. गाडीच्या कानाशी, म्हणजे आरशाशी, वाकून तिने रीतीप्रमाणे सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग मला म्हणाली, "अविनाश येते म्हनतात? त्यालेबी आवतन दे. अन् पोळ्याच्या दिवशी गोठ्यातून काही बाहेर जात नसते, हेबी सांग."

वरील मजकूर मी वाचून दाखवला आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांसमोर सही केली.

संजीवनी भगवंतराव मापारी

साक्षीदार
१. शालिग्राम म्हस्के, निवृत्त हेडक्लार्क, मेहकर
२. सत्यभामाबाई निकम, शेजारी, मेहकर ("सही करते, पन गाडीत मले एकडाव बसव." मान्य.)

उद्याचं काम: ट्रकवाल्याला पोटभर पुरणपोळी वाढून ट्रक रिकामा परत पाठवणे.